अमेरिकेत घराचं अप्रेझल: कोणत्या परवान्यावर कोणती मालमत्ता

घर घेताना किंवा रिफायनान्स करताना (जुनं कर्ज फेडून नवं घेताना) अप्रेझर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा परवानाधारक, येतो, मापं घेतो, फोटो काढतो आणि जातो. त्याच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलंय हे घरमालक सहसा विचारत नाहीत. बँकेच्या साध्या कर्जात ते चालून जातं, कारण योग्य परवान्याचा माणूस नेमणं ही लेंडरची, म्हणजे कर्ज देणाऱ्याची, जबाबदारी असते. पण घटस्फोटात घराची वाटणी, वारसाहक्काने आलेलं घर, महाराष्ट्र मंडळासाठी घ्यायचं सभागृह, संस्थेला दान द्यायची जमीन अशा कामांत अप्रेझर तुम्हालाच निवडावा लागतो. तिथे परवान्याची पातळी चुकली तर अहवाल कितीही मेहनतीने केलेला असो, समोरचा वकील पहिलं बोट त्याच्यावरच ठेवतो. फी वाया जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

परवान्यांची ही उतरंड १९८९ च्या फेडरल कायद्यातून आली. १९८० च्या दशकात तिथल्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था (ठेवी घेऊन गृहकर्ज देणाऱ्या) मोठ्या संख्येने बुडाल्या, आणि फुगवलेली मूल्यांकनं हे त्यामागचं एक कारण होतं. तेव्हापासून परवाना राज्य देतं, किमान पात्रता अप्रेझल फाउंडेशनचं अप्रेझर क्वालिफिकेशन्स बोर्ड ठरवतं, आणि राज्यांवर अप्रेझल सबकमिटी ही फेडरल यंत्रणा लक्ष ठेवते. राज्याला या किमान नियमांपेक्षा कडक नियम करता येतात. म्हणून खालचे आकडे पाया समजा आणि आपल्या राज्याच्या बोर्डाची वेबसाइट एकदा बघाच.

परवान्याची हद्द तीन गोष्टींवर ठरते

पहिली गोष्ट, मालमत्तेत राहती घरं किती. एक ते चार असतील तर ती निवासी परवान्याच्या कक्षेत येते, पाचवं आलं की बाहेर गेली. इथे एक शब्द जपून वापरा. पुण्यात किंवा ठाण्यात ड्युप्लेक्स म्हटलं की आतून जिना असलेला दोन मजली फ्लॅट डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत ड्युप्लेक्स म्हणजे एकाच इमारतीतली दोन स्वतंत्र घरं, म्हणजे दोन युनिट. अप्रेझरला फोनवर सांगताना हा फरक राहून गेला तर फॉर्म चुकतो आणि फीही चुकते.

दुसरी गोष्ट, ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू. हे घराच्या किमतीचंच दुसरं नाव आहे असं बरेच जण धरून चालतात, आणि तिथेच फसतात. फेडरल नियमात कर्जाच्या व्यवहारात ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू म्हणजे कर्जाची रक्कम. १२ लाख डॉलरचं घर, ४ लाख डाउन पेमेंट आणि ८ लाख कर्ज असेल, तर ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू ८ लाखच. कर्ज नसलेल्या खरेदी-विक्रीत किंवा अदलाबदलीत मात्र बाजारमूल्य धरतात, म्हणजे तेच घर १२ लाखांचं होतं. एकच घर, एकच अप्रेझर, पण एका कामात तो हद्दीच्या आत आणि दुसऱ्यात बाहेर.

तिसरी गोष्ट, गुंतागुंत. नियमात शब्द आहे कॉम्प्लेक्स, आणि त्याचा सोसायटीच्या कॉम्प्लेक्सशी काही संबंध नाही. मालमत्ता, मालकीचा प्रकार किंवा बाजाराची स्थिती यांपैकी एक जरी त्या भागासाठी नेहमीपेक्षा वेगळी असेल, तरी ते काम कॉम्प्लेक्स. घर महाग असणं किंवा मोठं असणं एवढ्याने काम कॉम्प्लेक्स होत नाही. सगळी गल्लीच ६,००० चौरस फुटांच्या घरांची असेल तर त्यातलं एक घर साधंच. पण २,००० चौरस फुटांच्या घरांच्या वस्तीत एकच ६,००० चौरस फुटांचं घर असेल, तर त्याला जोडीची विकलेली घरं कुठून आणायची? मूल्यांकनाचा सगळा आधारच ती विक्री असते. घुमटाकार घर, घराखालची जमीन भाडेपट्ट्याची असणं, हयातीपुरता राहण्याचा हक्क, वणवा किंवा वादळानंतर विक्रीच थांबलेला भाग ही सगळी याच जातीची कामं.

चार पातळ्या

सगळ्यात खालची पायरी ट्रेनीची. काही राज्यांत त्याला अप्रेंटिस किंवा असिस्टंट म्हणतात. त्याची स्वतःची हद्द नसते. त्याच्या सुपरवायझरला परवान्याने आणि अनुभवाने जी मालमत्ता करता येते, तीच त्यालाही करता येते, आणि तीही सुपरवायझरच्या देखरेखीखाली. सुपरवायझर सर्टिफाइड पातळीचाच लागतो, त्याने त्या पातळीवर किमान ३ वर्षं काढलेली हवीत, आणि एका वेळी त्याच्याकडे साधारणपणे ३ हून जास्त ट्रेनी ठेवता येत नाहीत. ट्रेनी त्या प्रकारच्या मालमत्तेत तयार होईपर्यंत सुपरवायझरने स्वतः जाऊन घर बघायचं असतं. एकटा ट्रेनी घरी आला तर काळजीचं कारण नाही, पण अहवालावर सुपरवायझरची सही हवीच.

दुसरी पायरी लायसन्स्ड रेसिडेन्शियल. एक ते चार युनिटची साधी मालमत्ता असेल तर १० लाख डॉलरच्या आतली ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू, आणि कॉम्प्लेक्स असेल तर ४ लाखांच्या आतली. जुन्या पुस्तकांत कॉम्प्लेक्सची मर्यादा २.५ लाख दिसेल, ती मागे पडली. मोकळा प्लॉट, ज्याचा सर्वोत्तम उपयोग एक ते चार घरांसाठीच आहे, तोही याच्या कक्षेत येतो.

तिसरी पायरी सर्टिफाइड रेसिडेन्शियल. एक ते चार युनिट असतील तर किंमत आणि गुंतागुंत दोन्हीची मर्यादा उठते. ५० लाखांचा समुद्रकाठचा बंगलाही चालतो. पण पाच युनिट, दुकान, गोदाम हे त्याच्याही हद्दीबाहेर. आणखी एक फट लोकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे असतील आणि त्यासाठी पूर्ण विकासाचा हिशेब मांडावा लागणार असेल, म्हणजे रस्ते, पाणी, विक्रीला लागणारी वर्षं आणि तोवरचा खर्च, तर ते काम दोन्ही निवासी परवान्यांत बसत नाही, मग त्या प्लॉटवर पुढे घरंच होणार असली तरी.

चौथी पायरी सर्टिफाइड जनरल. इथे कुठल्याही प्रकारच्या मालमत्तेला परवान्याची आडकाठी नाही. अपार्टमेंटच्या इमारती, हॉटेल, पेट्रोल पंप, शेती, गोदाम, प्रार्थनास्थळ, सगळं.

परवान्याने हद्द दिली म्हणून काम घेता येतंच असं मात्र नाही. अप्रेझरांची आचारसंहिता, जिला सगळे यूस्पॅप म्हणतात, तिच्यात सक्षमतेचा वेगळा नियम आहे. ज्या प्रकारचं काम पूर्वी केलेलं नाही ते घ्यायचं असेल तर अप्रेझरने ते आधी ग्राहकाला सांगायचं, जाणकाराची मदत घ्यायची किंवा अभ्यास करायचा, आणि काय केलं ते अहवालात लिहायचं. जन्मभर ऑफिस इमारती केलेला सर्टिफाइड जनरल अप्रेझर तुमच्या टाउनहाउससाठी स्थानिक निवासी अप्रेझरपेक्षा बरा ठरेलच असं धरू नका. आमच्या मते घरासाठी त्या भागात नियमित काम करणारा सर्टिफाइड रेसिडेन्शियल हाच सगळ्यात योग्य माणूस.

जिथे नेहमी घोळ होतो

घराच्या आवारात आई-वडिलांसाठी वेगळं छोटं घर बांधलंय. मुख्य घर एक आणि हे दुसरं, तरी चाराच्या आतच, म्हणजे निवासी परवाना चालतो. पण त्या भागात अशी घरं विकलीच गेली नसतील तर काम कॉम्प्लेक्स ठरू शकतं. परवानगी न घेता बांधलेलं असेल तर ते आधीच सांगा, लपवून काही साधत नाही.

खाली दुकान आणि वर दोन घरं. घरं दोनच असली तरी मालमत्ता शुद्ध निवासी नाही. अशा इमारतीला सरळ सर्टिफाइड जनरल घ्या.

कॉन्डोमधला, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळी असलेल्या इमारतीतला, एक फ्लॅट निवासी. त्याच कॉन्डोची पूर्ण इमारत एकगठ्ठा घ्यायची असेल तर जनरल. चार युनिटची इमारत निवासी, पण शेजारच्या दोन फोरप्लेक्स, म्हणजे चार-चार युनिटच्या इमारती, एकाच व्यवहारात, एकच मालमत्ता म्हणून घेताय तर आठ युनिट झाली. अशा वेळी काम सोपवण्याआधी राज्य बोर्डाला लेखी विचारा.

घर आणि सोबत ४० एकर. घराचाच भाग म्हणून ती जमीन त्या भागात स्वाभाविक असेल तर एक गोष्ट. पण जमिनीचा सर्वोत्तम उपयोग शेती किंवा प्लॉटिंग असेल तर ते काम निवासी अप्रेझरचं राहत नाही.

मंडळ एखादं जुनं चर्च किंवा शाळेची इमारत विकत घेतं तेव्हा कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा अप्रेझर सुचवला जातो. त्याने तुमच्या घराचं काम छान केलं असेल, पण परवाना निवासी असेल तर हे काम त्याने घेऊ नये. बिगरनिवासी कामाबाबत काही राज्यं निवासी परवानाधारकांना एका छोट्या रकमेपर्यंत मुभा देतात, कॅलिफोर्निया त्यांतलंच. सभागृहाच्या किमतीला ती मुभा सहसा पुरत नाही.

४ लाखांचा आकडा दोन ठिकाणी येतो, तोही वेगळा ओळखा. एक, लायसन्स्ड रेसिडेन्शियलची कॉम्प्लेक्स कामाची मर्यादा. दुसरा, बँकांसाठीची सूट: ४ लाख किंवा त्याहून कमी रकमेच्या निवासी व्यवहारात फेडरल नियमाने परवानाधारकाचं अप्रेझल सक्तीचं नाही, बँक साधं मूल्यमापन करू शकते. व्यावसायिक मालमत्तेसाठी हीच सूट ५ लाखांपर्यंत आहे. सूट आहे म्हणून तुमचा लेंडर अप्रेझल मागणार नाही असं नाही.

काम चालू असताना घर कॉम्प्लेक्स निघालं तर काय? लायसन्स्ड अप्रेझर साधं घर समजून गेला आणि तिथे गेल्यावर कळलं की जमीन भाडेपट्ट्याची आहे, कर्जही ५ लाखांचं. फेडरल नियमात यावर दोन वाटा आहेत. सर्टिफाइड अप्रेझरने ते काम तपासून मान्य करावं आणि सोबत सही करावी, किंवा काम नव्याने सर्टिफाइड अप्रेझरकडे द्यावं. दोन्हींत दिवस जातात. रेट लॉकची, म्हणजे ठरवून ठेवलेल्या व्याजदराची, मुदत संपत आली असेल तर लोन ऑफिसरला त्याच दिवशी फोन करा.

कर्जाचा प्रकारही बघा. एफएचए (फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन) कर्जासाठी लायसन्स्ड रेसिडेन्शियल चालत नाही. अप्रेझर सर्टिफाइड हवा आणि एफएचएच्या यादीवर हवा. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जात अप्रेझर व्हीएच्या पॅनेलवरून नेमला जातो. ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू १० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर फेडरल देखरेखीखालच्या व्यवहारांत सर्टिफाइडच लागतो.

परवाना तपासायचा कसा

अप्रेझरचं नाव आणि राज्य घ्या. अप्रेझल सबकमिटीच्या वेबसाइटवर राष्ट्रीय नोंदवही आहे, ती फुकट बघता येते. तिथे नाव टाकलं की परवान्याची पातळी, तो चालू आहे का आणि मुदत कधी संपते ते दिसतं. अप्रेझर दोन-तीन राज्यांत काम करत असेल तर प्रत्येक राज्याची नोंद वेगळी असते, मालमत्ता ज्या राज्यात आहे तीच बघा. न्यू जर्सीच्या घराला न्यूयॉर्कचा परवाना चालत नाही. बाहेरच्या राज्यातल्या अप्रेझरला ठरावीक कामापुरती तात्पुरती परवानगी मिळते, ती घेतली आहे का ते विचारा. त्यानंतर राज्य बोर्डाच्या वेबसाइटवर शिस्तभंगाच्या कारवाया चाळा. ट्रेनीचं नाव राष्ट्रीय नोंदवहीत न मिळणं स्वाभाविक आहे, सुपरवायझरचं नाव शोधा.

कॅलिफोर्नियात बऱ्याच परवाना क्रमांकांच्या पहिल्या दोन अक्षरांवरूनच पातळी कळते: एटी म्हणजे ट्रेनी, एएल लायसन्स्ड, एआर सर्टिफाइड रेसिडेन्शियल, एजी सर्टिफाइड जनरल.

अहवाल हातात आल्यावर सहीचं पान काढा. एका कुटुंबाच्या घरासाठीचा जो १००४ क्रमांकाचा फॉर्म वर्षानुवर्षं वापरात आहे, त्यात डावीकडे अप्रेझरचा आणि उजवीकडे सुपरवायझर अप्रेझरचा रकाना असतो. डाव्या रकान्यात सही, नाव आणि तारखांखाली तीन ओळी असतात: राज्याचा सर्टिफिकेशन क्रमांक, किंवा लायसन्स क्रमांक, किंवा इतर. कोणत्या ओळीवर क्रमांक भरलाय तेवढ्यावरून पातळी समजते. त्याच्या खाली परवान्याचं राज्य आणि मुदतीची तारीख. ‘इतर’वर काही लिहिलं असेल, तर तो बहुधा ट्रेनी, मग उजवा रकाना रिकामा असता कामा नये. उजव्या रकान्यात सुपरवायझरने घर आतून-बाहेरून पाहिलं, फक्त बाहेरून पाहिलं की पाहिलंच नाही, यांपैकी एका चौकटीवर खूण असते. ती खूण जरूर वाचा. नव्या डिजिटल अहवालात मांडणी बदललेली दिसेल, पण तपशील हेच शोधायचे. ट्रेनीने सही न करता मोठं काम केलं असेल, तर त्याचं नाव प्रमाणपत्राच्या मजकुरात यायला हवं.

गृहकर्जात अप्रेझर तुम्हाला निवडता येत नाही, तसा आग्रहही धरू नका. नेमणूक लेंडर करतो, बहुतेक वेळा मध्यस्थ कंपनीमार्फत. पहिल्या तारणाच्या कर्जात अहवालाची प्रत मात्र तुमचा हक्क आहे, आणि ती साधारणपणे क्लोजिंगच्या (कर्जाच्या कागदांवर अंतिम सह्या होण्याच्या) किमान ३ कामकाजाच्या दिवस आधी मिळायला हवी. पातळी चुकलेली दिसली तर तेव्हाच लेखी कळवा. क्लोजिंग झाल्यावर कुणी ऐकत नाही.

स्वतः अप्रेझर नेमताना

पत्रात चार गोष्टी लिहून घ्या: काम कशासाठी, मूल्य कोणत्या तारखेचं, मालमत्तेचा प्रकार आणि युनिटची संख्या, आणि सही करणाऱ्याचा परवाना कोणता. वारसाच्या कामात मूल्य सहसा मृत्यूच्या तारखेचं लागतं, आजचं नाही. दान देताना ५,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेसाठी करखात्याला पात्र अप्रेझरचा अहवाल लागतो, आणि तो दानाच्या ६० दिवसांहून आधी केलेला चालत नाही. उत्साहाने लवकर करून घेतलेला अहवाल इथे वाया जातो.

कर्ज नसलेल्या कामात घराची किंमत १० लाखांच्या आसपास असेल, तर लायसन्स्ड आणि सर्टिफाइड यांच्या फीमधल्या थोड्या फरकासाठी जोखीम घेऊ नका. कोर्टात जाणारं प्रत्येक काम सर्टिफाइडला द्या.

या व्यवसायात यायचं असेल तर

महाराष्ट्रातून सिव्हिल इंजिनिअरिंग करून गेलेले काही जण या व्यवसायाकडे वळायचा विचार करतात. ट्रेनीसाठी २०२५ अखेरपर्यंत ७५ तासांचं शिक्षण लागायचं, १ जानेवारी २०२६ पासून ८३ तासांचं, आणि ते अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतलं हवं. लायसन्स्डसाठी एकूण १५० तास (२०२६ पासून १५८) आणि किमान ६ महिन्यांत १,००० तासांचा अनुभव. सर्टिफाइड रेसिडेन्शियलसाठी २०० तास आणि किमान १२ महिन्यांत १,५०० तासांचा अनुभव. सर्टिफाइड जनरलसाठी ३०० तास आणि किमान १८ महिन्यांत ३,००० तासांचा अनुभव, त्यातले १,५०० बिगरनिवासी कामाचे. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. लायसन्स्डला पदवीची अट नाही, जनरलला पदवी लागतेच, मधल्या पातळीला पदवी किंवा ठरवून दिलेले पर्याय. मुंबई-पुणे विद्यापीठाची पदवी चालते, पण मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची समकक्षता तपासून घ्यावी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक सुपरवायझर निवडताना होते. सर्टिफाइड रेसिडेन्शियल सुपरवायझरकडे कितीही वर्षं राबलात तरी बिगरनिवासी तास मिळणार नाहीत. जनरल व्हायचंय तर पहिल्या दिवसापासून जनरल सुपरवायझर शोधा. तो सापडणं अवघड असतं. निवासी पातळ्यांसाठी अलीकडे पारिया नावाचा संगणकावरचा प्रशिक्षण-कार्यक्रम आहे. तुमचं राज्य तो मानत असेल तर सुपरवायझरकडच्या तासांऐवजी तो चालतो.

अनुभवाची नोंदवही रोजच्या रोज भरा: पत्ता, मालमत्तेचा प्रकार, अहवालाची तारीख, तुम्ही काय केलं, सुपरवायझरने काय तपासलं, प्रत्यक्ष तास, आणि त्याची सही परवाना क्रमांकासह. वर्षभराने एकदम सह्या घ्यायला गेलात आणि सुपरवायझर राज्य सोडून गेला असेल, तर ते तास सिद्ध करणं फार जड जातं. एच-१बी व्हिसावर असाल तर स्पॉन्सर कंपनीबाहेर असं काम सुरू करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

भारतातल्या फ्लॅटचं काय, हाही प्रश्न येतो. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा परवाना तिथे लागू होत नाही. २००१ च्या आधी घेतलेलं कोथरूडचं किंवा डोंबिवलीचं घर विकताना भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य धरायचं असेल, तर त्याचा अहवाल भारतातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून घ्या. तिथे उतरंड अशी नाही, वर्ग आहेत. कंपनी कायद्याखालच्या नोंदणीत जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे-वित्तीय मालमत्ता असे तीन वर्ग असतात, आणि प्राप्तिकराच्या कामासाठीची नोंदणी वेगळी असते. व्हॅल्युअरकडून नोंदणीचा क्रमांक आणि वर्ग लिहून घ्या, आणि अहवाल करायला देण्याआधी तो आपल्या सीएला दाखवा.